चार नंबरचा ढीग

११ नोव्हेंबर, सोमवार

हैदराबादहून मोठ्या साहेबांचा फोन. गावाबाहेरच्या जिनिंगचं काम आपल्या कंपनीला मिळालं आणि ते मी सांभाळायचं. आवारात कापसाचे चार ढीग, एकेक दोन-दोन पुरुष उंच. ओला कापूस दबला की आतल्या आत तापतो, आणि तापता तापता एक दिवस पेट घेतो. प्रत्येक ढिगात सेन्सर घालायचे, तापमानाचे आकडे जिनिंगच्या मालकाच्या, शेठच्या मोबाईलवर आणायचे, पंचेचाळीसच्या वर गेलं की भोंगा. नऊ डिसेंबरला शेठला चालवून दाखवायचं. जमलं तर आदिलाबादचं ऑफिस माझं. नाही जमलं तर परत हैदराबादला, कुणाच्या तरी हाताखाली. छत्तीस वर्षांचा घोडा झालो, आता हाताखाली जाणार नाही म्हणजे नाही.

टेस्टिंगला एक मुलगी दिली आहे, प्रियदर्शनी. आईला सांगितलं तर तिनं आधी बापाचं नाव विचारलं. नागोराव. "अरे, त्या नागोरावचा बाप आपल्या वावरात सालगडी होता ना!" आई म्हणाली. "आता त्यायच्या पोरी कंप्युटर शिकून राह्यल्या. बरं हाय बापा." ते 'बरं हाय' तिनं कसं म्हटलं ते काही लिहिता येत नाही.

१३ नोव्हेंबर

जिनिंग पाहून आलो. मुलीचा बाप तिथंच कामाला आहे. साठीचा, डोक्याला मफलर, काम एकच. आठ फुटांची लोखंडी सळई ढिगात खुपसायची, पाव तास ठेवायची, ओढून काढायची आणि टोक उजव्या हाताच्या पाठीला लावून पाहायचं. दर दोन तासांनी, चारही ढीग. चटका जाणवला की ढीग फोडून कापूस पसरायला लावायचा.

"बेल्लमपल्लीले कोळशाच्या ढिगावर शिकलो जी," नागोराव म्हणाला. "मंग इथं आलो. बावीस वर्षं झाली, एकबी ढीग पेटला नाई."

"किती डिग्रीला गरम म्हणता?"

"डिग्री मले कुटं मालूम, साहेब. हाताले इचारा ना, हात सांगते."

मी हसलो. तो पण हसला, त्याला वाटलं मला पटलं. मुलगी मात्र बाजूला उभी राहून वहीत लिहून राह्यली. बापाचा हात वहीत कसा उतरवणार होती देव जाणे.

१८ नोव्हेंबर

मी काम नेहमी वरून खाली करतो. आधी शेठ पाहील ती स्क्रीन. तिच्या खाली, भोंगा कधी वाजवायचा ते ठरवणारा भाग. त्याच्या खाली, सेन्सर वाचणारा. खालचं तयार नसेल तर तिथं तात्पुरता एक खोटा तुकडा बसवायचा, स्टब म्हणतात त्याला. वरून 'तापमान किती?' विचारलं की तो ठरलेला आकडा सांगून मोकळा. मी एकतीस टाकला. चारही ढीग एकतीस, चारही हिरवे. तीन दिवसांत स्क्रीन उभी.

प्रियदर्शनीचं उलटं. आधी एक सेन्सर टेबलावर, गरम पाण्याच्या गिलासात. मग एक वायर. मग सेन्सर आणि वायर मिळून. वरचा भाग झालेला नाही, म्हणून खालच्याला प्रश्न विचारणारा छोटा प्रोग्राम ती स्वतःच लिहिते. प्रत्येक आकडा वहीत, तारखेसकट. ऑफिसात चहाला गिलास उरला नाही.

"सर, हे आधी कळस मग पाया झालं ना," आज म्हणाली. हसून म्हणाली, पण म्हणाली.

"शेठला पाया दाखवशील का? शेठ कळस पाहून काम देतो," मी म्हटलं. हिला कळस आणि पाया कुणी शिकवलं कुणास ठाऊक.

२६ नोव्हेंबर

आज जिंकलो. स्क्रीन मी शेठला आधीच दाखवली होती, तेव्हाच तो म्हणाला होता, "मशीन के शोर में भोंगा कौन सुनेगा? फोन आना चाहिए." भोंग्याऐवजी फोन घातला, एका दिवसाचं काम. शेवटी कळलं असतं तर बोंब झाली असती. वरून पाहिलं की असं लवकर कळतं.

आणि तिनं पंधरा दिवस एकेक तुकडा घासून-पुसून चोख केला, आज पहिल्यांदा जोडले, तर बसेनात. तिचा सेन्सरवाला भाग दहा मिनिटांनी आकडा पाठवतो, वरचा भाग मिनिटाला वाट पाहतो. आकडा नाही आला की त्याला वाटतं सेन्सर मेला. "मणी एकेक छान घडवलेस, भोक पाडायचं राह्यलं," मी म्हटलं.

मग मोठ्या साहेबांचा व्हिडिओ कॉल होता. चूक तिलाच सांगायला लावली, इंग्रजीतून. तिला सगळं कळतं पण इंग्रजी बोलताना अडकते. अडकली. मोठे साहेब वाट पाहत होते, मी पण. एक शब्द सुचवला असता तर सुटली असती. नाही सुचवला. खोटं कशाला लिहू, मजा आली.

रात्रीतून तिनं दोन्ही भाग जुळवून टाकले, हेही लिहून ठेवतो.

३ डिसेंबर

एक, दोन, तीन नंबरच्या ढिगांत सेन्सर बसले. आकडे खरे येतात, सळईशी जुळतात. नागोराव सळई काढून हाताला लावतो आणि पोरीला सांगतो, "कोमट," आणि ती वहीत लिहिते, 'कोमट म्हणजे चौतीस'. दोघांचं काय चाललंय ते त्यांचं त्यांना.

चौथा ढीग मागच्या टिनाच्या शेडमध्ये. तिथवर वायर पुरली नाही. लांब वायरचा सेन्सर हैदराबादहून यायचा आहे. तोवर चार नंबरला माझा एकतीसच बोलतोय.

"सर, मग चार नंबर स्क्रीनवर राखाडी ठेवू," ती म्हणाली. "माहीत नाही, असं लिहू."

"शेठला मी 'माहीत नाही' विकू का?"

"पण खरंच माहीत नाही ना, सर."

या पोरीला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज ती नाही. महापरिनिर्वाण दिन म्हणून महिनाभर आधी रजा टाकली होती, मी सही पण केली होती. आणि नेमका आजच मोठ्या साहेबांचा निरोप, टेस्टिंगचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाठव. रिपोर्ट टेस्ट करणाऱ्याच्या नावानं जातो. तिला फोन लावला, बंद.

तिचा पासवर्ड मीच दिलेला होता. तिच्या नावानं आत गेलो. एक नंबर, पास. दोन, पास. तीन, पास. चार.

चारपाशी दोन मिनिटं थांबलो, उगाच नाही म्हणणार. मग पास केलं. सेन्सर काय, चार दिवसांत येईलच.

९ डिसेंबर

फत्ते! शेठ मोबाईल हातात घेऊन लहान पोरासारखा आवारभर फिरला. चार हिरवे चौकोन. मोठे साहेब कॉलवर होते, तिथल्या तिथं म्हणाले, आदिलाबाद आता तुझं.

शेठ म्हणाला, "तो भार्गवजी, अब उस सलाईवाले का क्या काम?"

नागोराव दहा पावलांवर होता. ऐकू गेलं असणार. मी म्हणू शकलो असतो, महिनाभर थांबा शेठजी. पण महिनाभर का, हे सांगावं लागलं असतं. म्हणालो, "आपकी मर्ज़ी, सेठजी. मशीन थकती नहीं."

जाताना नागोरावनं सळई पुसून शेडच्या भिंतीला उभी करून ठेवली. मला म्हणाला, "चार नंबरले नजर ठेवा जी. मांगं हवा लागत नाई, तो लवकर तापते." मी म्हटलं, हो हो.

११ डिसेंबर

प्रियदर्शनीनं रिपोर्ट पाहिला. आत येऊन दार लावलं.

"सर, सहा तारखेला माझ्या नावानं कोणी पाठवला?"

"टीमचं काम आहे. तुझं-माझं काय त्यात?"

"चार नंबर मी पास केला नाही."

"करशील. सेन्सर येतोय."

"बाबांची नोकरी गेली, सर, त्या हिरव्या चौकोनावर." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

१९ डिसेंबर

सेन्सर आला. खोका टेबलाखाली ठेवला आहे.

बसवायला दोन तास. पण शेडमध्ये माणसं घालायची म्हणजे शेठ विचारणार, आता काय बसवता? मग सांगायचं का, दहा दिवस तुम्ही जो आकडा पाहिला तो मी मनानं टाकलेला होता? बोलाची कढी अन् बोलाचाच भात वाढला होता तुम्हाला? ऑफिसवर पाटी लागली आहे, माझ्या नावाची. संक्रांतीला जिनिंग तीन दिवस बंद असते, तेव्हा गुपचूप बसवून टाकीन. तोवर काय आभाळ कोसळतं!

२८ डिसेंबर

अवकाळी आला, दोन दिवस झोडपलं. भैंसा गावाकडून भिजलेला माल ट्रकनं येऊन राह्यला आणि शेठनं तो सगळा आडोशाला म्हणून शेडमध्ये टाकला. चार नंबरवर.

३ जानेवारी, शुक्रवार

ती आज आकड्यांचा कागद घेऊन आली. पावसानंतर तीन ढिगांचे आकडे वरखाली झालेत. चौथा एकतीस. बाहेर सकाळी आठ डिग्री, तेव्हा एकतीस. दुपारी तीस, तेव्हा एकतीस. "तिथं ओला माल आहे, सर. खोका तुमच्या टेबलाखाली आहे. मी पाहिला. मला द्या, मी एकटी जाऊन बसवते."

मला राग आला. खरं म्हणजे भीती वाटली, पण बाहेर राग आला.

"चार नंबर नापास झाला की सळईवाल्याला परत बोलावतील, असंच ना?" मी म्हटलं. "बापाच्या नोकरीसाठी टेस्ट नापास करायला निघालीस? लाज वाटू दे थोडी. तुमच्यासारख्यांना वर घेतलं की हे असं."

हे शेवटचं वाक्य म्हणायचं नव्हतं. आईच्या तोंडचं आहे. पण निघून गेलं.

तिचे ओठ पांढरे पडले. कागद टेबलावर ठेवला, वही उचलली. सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. अनुभवाचं पत्र मागू नकोस हेही सांगितलं. जाताना तिनं खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी दहाला तोंडात तिळाची वडी होती आणि शेठचा फोन आला. "आग! शेड में आग!" मी आधी मोबाईल उघडला. चारही हिरवे. चार नंबर, एकतीस. आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "सेठजी, स्क्रीन पे तो सब ठीक है."

त्यानं जी शिवी दिली ती लिहीत नाही.

पोचलो तेव्हा शेडचं टिन वाकलं होतं, धूर पार रस्त्यावर. खोका माझ्या गाडीत होता. आजच बसवणार होतो, दुपारी, जेवण झाल्यावर. देवाशपथ आजच बसवणार होतो.

नागोराव पाण्याच्या टाकीपाशी मातीत बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत, ते मी नीट पाहिलं नाही. गेटवरचा माणूस सांगत होता. सकाळी आला, म्हणाला एक खेप पाहून जातो. आपली सळई घेतली, खुपसली, काढली. टोक लावून पाहायची गरजच नव्हती, लांबूनच धग येत होती. पळाला नाही. पुढचे तीन ढीग वाचावे म्हणून शेडचं लोखंडी दार ओढून बंद करायला गेला. दार तापलेलं. ते त्यानं उजव्या हातानं ओढलं. मग वरचा ढीग ढासळला आणि जाळ बाहेर आला.

दार बंद झालं. तीन ढीग वाचले.

बंब आले, त्याला दवाखान्यात नेलं. गाडीत घालताना तो मला म्हणाला, "साहेब, तुमाले फोन नाई आला का जी? मशीनचा?"

मी म्हटलं, तपासतो.

घरी येऊन स्क्रीन पाहिली. चार नंबर, एकतीस, हिरवा. ढीग उरला नाही आणि हा बोलूनच राह्यला. तुकडा काढून टाकला. दहा मिनिटांचं काम होतं.

१७ जानेवारी

तहकीकात. शेठ, मोठे साहेब, विमा कंपनीचा माणूस. मी रिपोर्ट पुढे ठेवला. चार नंबर, पास, प्रियदर्शनी, सहा डिसेंबर. "मी वरचं पाहतो, खालचं टेस्टिंग तिच्याकडे होतं. कामावर विश्वास ठेवावाच लागतो," म्हणालो. बोलताना वाटलं की हे खरंच असं झालं.

विमावाल्यानं विचारलं, सळई खुपसल्यानं आत हवा जाऊन भडका उडाला असेल का? मी म्हटलं, नाकारता येत नाही. त्यानं लिहून घेतलं.

जाताना म्हणाला, त्या मुलीचाही जबाब घेऊ, तिच्याकडे काही नोंदी असतील तर. तेव्हा वही आठवली. ती तिच्याच घरी होती.

२३ जानेवारी

त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ. नागोराव दवाखान्यातून कालच आला, हात पांढऱ्या पट्टीत, गळ्यात अडकवलेला. मला पाहून उठायला लागला. मी बसा म्हटलं.

"डाक्टर म्हनते हात राहीन," तो म्हणाला, "पन आता थंडं-गरम समजनार नाई."

मी रिपोर्ट काढून दाखवला. सांगितलं, केस होऊ शकते. तिच्यावर. माणूस भाजला आहे, पोलीस सोडत नाहीत.

तो वाचायला शिकलेला आहे. ओळीखाली डाव्या हाताचं बोट ठेवून सगळं वाचलं. मग पोरीला म्हणाला, "हे नाव तुयं हाय का?"

"नाव माझं आहे, बाबा, पण त्या दिवशी मी..."

"नाव हाय ना?"

ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्हाला तर माहीत आहे. सांगा ना त्यांना. तुम्हीच सांगा."

समोर चहा ठेवला होता. मी चहाकडे पाहिलं आणि म्हटलं, "मी प्रयत्न करीन, नागोराव. तिची वही माझ्याकडे असली तर जबाबाची गरज पडणार नाही. मीच सांभाळून घेईन."

"बाबा, नका देऊ. त्यात सगळं आहे. वाचा तरी आधी."

नागोरावला तिच्याकडे पाहवेना. "माया हात गेला ते जाऊ दे," म्हणाला. "तुयाच्यानं गेला हे लोकायले काऊन सांगतं? दे साहेबाले." आणि फळीवरून स्वतःच वही काढून डाव्या हातानं मला दिली. "पोरगी हाय जी. चुकली. पोटात घाला. तुमच्या आजानं माया बापाले लय संभाळलं, तुमी इले संभाळा."

ती भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. बापाकडे पाहत राहिली नुसती, आणि तो खिडकीबाहेर.

चहा चांगला होता. आलं घातलेलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहाटेच वही वाचली. अक्षर मोत्यासारखं आहे पोरीचं. पहिल्या पानापासून एकेक सेन्सर, एकेक वायर. 'कोमट' म्हणजे किती, 'चटका' म्हणजे किती, बापाच्या हाताचं एक अख्खं कोष्टक करून ठेवलं आहे. एका डिग्रीचाही फरक नाही. मग ३ डिसेंबर, चार नंबर, सरांना सांगितलं. ११ डिसेंबर, सांगितलं. ३ जानेवारी, सांगितलं. ४ जानेवारी, शेठला भेटायला गेले, गेटवरून परत पाठवलं. ६ जानेवारी, परत पाठवलं. ९ जानेवारी, परत पाठवलं.

आणि शेवटची ओळ. '१३ जानेवारी. दुसरं कोणी ऐकत नाही म्हणून आज बाबांना एवढंच सांगितलं, चार नंबरवर ओला माल पडलाय. म्हणाले, उद्या जिनिंग बंद आहे, कोणी अडवणार नाही, मी हात लावून पाहून येतो.'

म्हणजे तिनंच पाठवला ना त्याला! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं सांगितलं नसतं तर तो तिथं गेलाच नसता, हात शाबूत राहिला असता. मी उगाच आठ दिवस जेवलो नाही नीट.

मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला. मंचेरियलला आणखी एक काम आहे, कापसाचं गोदाम, पुढच्या महिन्यात दाखवायचं. स्क्रीन तयारच आहे आपली.

अंगणात आईनं आंघोळीच्या पाण्याला बंब पेटवला होता. आदिलाबादची थंडी, लाकडं ओली, नुसता धूर. वही फाडून पानं पानं आत घातली. चांगली पेटली.

"भार्गव, कशाचे कागद हायेत रे?" आईनं विचारलं.

"रद्दी."

"झालं असंल पानी. एकदम अंगावर नको घेऊ बापा, पोळशीन. आधी हात घालून पाह्य."

मी बादली भरली आणि हात घालून पाहिला.